खिळे, साचे आणि उमेदवारी: पदवीवाचून वाढलेला मुंबईचा मुद्रणव्यवसाय

१/ सन १६७४. रायगडावर राज्याभिषेक झाला ते हे वर्ष. याच वर्षी हेन्री हिल्स नावाचा एक इंग्रज मुद्रक छपाईचे यंत्र घेऊन मुंबईत उतरला. त्याला बोलावले होते सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी. आपल्याकडील जुने ग्रंथ देशी लिपीत छापावेत, ही त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली होती. यंत्र आले, मुद्रक आला, पैसाही होता. तरी काम अडले.

२/ अडले ते एकाच गोष्टीपाशी. हिल्सला छपाई येत होती. अक्षरे ओतणे येत नव्हते. छापण्यासाठी आधी धातूचे खिळे हवेत, आणि देशी लिपीचे खिळे घडवणारा हात कोणाकडेच नव्हता. भीमजींनी आपल्या माणसांकडूनही प्रयत्न करून पाहिले, पण यश आले नाही. हा हात पुढे तयार झाला तो कोणत्या विद्यालयात नव्हे, तर लोहार-तांबटांच्या परंपरेत आणि छापखान्यांच्या कोपऱ्यांत. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 'पदवी' ही प्रतिष्ठेची नवी किल्ली ठरली. त्याच दशकांत त्याच शहरात, जिथे पदवी कोणी विचारत नसे असा हा व्यवसाय झपाट्याने वाढत होता. तो कोणासाठी खुला झाला आणि किती काळ खुला राहिला, याचा हा धागा.

३/ सुरुवात बंगालपासून करावी लागते. १७७८ साली हुगळी येथे हॅलहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्याची अक्षरे चार्ल्स विल्किन्सच्या नावावर आहेत. पण त्यांच्याबरोबर काम करणारा कारागीर होता पंचानन कर्मकार. आडनावच सांगते की घराणे धातुकाम करणाऱ्यांचे. पुढे पंचानन श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात गेला आणि तिथे त्याने आपली विद्या जावई मनोहर याला दिली. सासऱ्याकडून जावयाकडे! या क्षेत्रातली 'गुणपत्रिका' ती हीच.

४/ मराठी वाचकाने एक गंमत ध्यानात ठेवावी. विल्यम कॅरीचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापले गेले ते श्रीरामपुरात, म्हणजे बंगालमध्ये. कारण खिळे घडवणारी माणसे तिथे होती. त्याच वर्षी इकडे मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, पण ती सुट्या खिळ्यांनी नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. हात कुशल होता यात शंका नाही. मात्र कोरलेला पत्रा त्या एका पानापुरताच उपयोगी पडतो. सुटा खिळा आज गीतेत आणि उद्या पंचांगात वापरता येतो. व्यवसाय उभा राहतो तो दुसऱ्या प्रकारावर.

५/ खिळा घडतो कसा, हे समजल्याशिवाय पुढची कथा समजणार नाही, म्हणून थोडे थांबून पाहू.

प्रथम पोलादाची लहान कांडी घेतात. तिच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात, आरशात दिसावे तसे. कोरताना अधूनमधून ते टोक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा उमटवून पाहतात. वळण चुकले तर पुन्हा कानस. समाधान झाल्यावर कांडीला पाणी देऊन ती कठीण करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यात उमटलेला खोलगट ठसा म्हणजे मातृका. ही मातृका हातसाच्यात बसवायची आणि शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. क्षणात खिळा तयार. मग त्याची शेपटी मोडायची, बाजू दगडावर घासायच्या, उंची तपासायची.

६/ रोमन लिपीचा संच यात तुलनेने सोपा. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे हे सारे हवे. कित्येक शे निरनिराळे खिळे लागतात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे शिरोरेषा. प्रत्येक खिळ्यावर तिचा एक तुकडा असतो, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर ते तुकडे एकमेकांना बिनचूक भिडले पाहिजेत. खिळ्याच्या बाजूला धातूची बारीक कूस राहिली तर रेषेत फट पडते. बाजू वाजवीपेक्षा जास्त घासली गेली तर अक्षर कलते. जुनी पुस्तके उघडून पाहावीत. तुटक शिरोरेषा दिसली की समजावे, ओतशाळेत कोणाचा तरी हात घाईत होता.

७/ मुंबईत मराठी छपाईची ही विद्या रुजली ती अमेरिकन मिशनमुळे. मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८१७ च्या सुमारास त्यांच्या छापखान्यातून मराठी छपाई सुरू झाली. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू. त्याला किती यश आले हा वेगळा विषय. पण एक परिणाम त्यांच्या योजनेत बहुधा नसावा. छापखाना चालवायचा तर शाई लावणारे, कागद भिजवणारे, खिळे जुळवणारे, ओतणारे लोक लागतात. ते स्थानिकच असणार. त्यामुळे मिशनचा छापखाना ही मुंबईतील मराठी मुद्रणाची शाळाच ठरली. १८३० च्या दशकात तिथल्या टॉमस ग्रॅहॅम या कारागिराने देवनागरीचे सुबक खिळे घडवले आणि मराठी अक्षराला छापील रूपातले वळण लाभले.

८/ याच छापखान्यात काम करून बाहेर पडलेले गृहस्थ म्हणजे गणपत कृष्णाजी. जातीने भंडारी. इंग्रजी शिक्षणाचा डामडौल नाही, पाठीशी संस्थान नाही. छपाई पाहून पाहून शिकले आणि स्वतःचे यंत्र उभे करण्याच्या मागे लागले. लाकडी यंत्र स्वतः बनवले, शिळाछापासाठी दगड मिळवले, शाईची कृती प्रयोग करून बसवली. १८३१ साली त्यांच्या शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले गेले. पुढे शिळेवर न थांबता खिळेही त्यांनी घडवले. गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या ग्रंथात त्यांच्या या खटाटोपाची आदराने नोंद आहे.

९/ शाईचा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटेल, पण तो बाजारपेठेचा होता. छापील शाईत जनावराची चरबी असते या समजुतीने अनेक सोवळे वाचक छापील पोथीला हात लावत नसत. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, असे सांगितले जाते. ग्राहकाची अडचण ओळखून तिच्यावर उपाय शोधणे ही समज कोणत्याही वर्गात शिकवली जात नव्हती. ज्या समाजाने त्यांच्या जातीला पोथीपासून दूर ठेवले, त्याच समाजाच्या देवघरात त्यांनी छापलेली पोथी गेली.

१०/ आता दुसरी बाजू. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली. बसले १३२, उत्तीर्ण झाले २१. त्यांपैकी १८६२ साली बी.ए. झालेले पहिले चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही ब्राह्मण कुटुंबांतले. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि कार्याविषयी आदर असलाच पाहिजे. पण दार किती अरुंद होते, हे त्या आकड्यांतून दिसते. संपूर्ण इलाख्यातून चार!

११/ त्या पदवीचा उपयोग काय? न्यायखाते, शिक्षणखाते, महसूल, वकिली. म्हणजे मुख्यतः सरकारदरबारची वाट. शहरात मात्र त्या वेळी दुसरेच काही घडत होते. १८५३ साली रेल्वे सुरू झाली. तिला तिकिटे, वेळापत्रके, पावत्या लागत. शाळा वाढत होत्या; त्यांना क्रमिक पुस्तके हवी होती. १८३२ च्या 'दर्पण'पासून सुरू झालेली वृत्तपत्रांची रांग लांबत चालली होती. १८६२ साली 'इंदुप्रकाश' निघाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत कंपन्यांचे पीक आले. प्रत्येक कंपनीला कागदपत्रे छापून हवीत. छापखान्यांना माणसे कमी पडत होती, आणि अशा वेळी कोणी कोणाची सनद तपासत बसत नाही.

१२/ या वातावरणात वाढलेला एक मुलगा म्हणजे जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९, मुंबईतील एका गरीब मराठा कुटुंबात. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शाळा थोडकीच. लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तुटपुंज्या पगारावर लागला. काम होते खिळे घासण्याचे.

१३/ खिळे घासणे हे ओतशाळेतले सर्वांत खालचे काम मानले जाई. दिवसभर दगडावर शिशाचे तुकडे घासायचे, बोटे काळी करायची. पण वर शिरोरेषेचे जे सांगितले ते आठवावे. देवनागरी मजकूर सरळ आणि सलग दिसणे हे या घासण्यावरच अवलंबून असते. हजारो खिळे ज्याच्या बोटांखालून गेले, त्याला चांगला खिळा आणि वाईट खिळा डोळे मिटून ओळखता येणारच. जावजींच्या पुढच्या साऱ्या कीर्तीचे मूळ या दगडापाशी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

१४/ इथे एका शब्दाकडे पाहिले पाहिजे: 'उमेदवार'. आज हा शब्द निवडणुकीच्या फलकावर दिसतो. एकोणिसाव्या शतकात उमेदवार म्हणजे पुढे जागा मिळेल या उमेदीवर, बिनपगारी किंवा नाममात्र वेतनावर कचेरीत अथवा कारखान्यात राबणारा नवशिक्या. उमेदवारीत शिक्षण होते तसे शोषणही होते. किती शिकायला मिळेल हे उस्तादाच्या मर्जीवर असे. अनेक उमेदवारांची उमेद तिथेच संपली. जावजींची संपली नाही, याला त्यांची चिकाटी जितकी कारण, तितकीच त्या दशकांतली वाढती मागणीही कारण. एक जागा सोडली तर दुसरी मिळत होती.

१५/ आणि त्यांनी जागा बदलल्या. मिशनच्या छापखान्यानंतर 'टाइम्स ऑफ इंडिया', मग 'इंदुप्रकाश' अशा मुद्रणालयांतून ते काम करत गेले. प्रत्येक ठिकाणी ओतकामाची वेगळी पद्धत, वेगळी यंत्रे, वेगळे ग्राहक. आजच्या भाषेत अनुभव वाढत होता. १८६४ साली त्यांनी स्वतःची ओतशाळा काढली. सोबत होते मित्र राणोजी रावजी आरू. राणोजी पोलादावर अक्षर कोरण्यात निष्णात. ज्या वळणाला पुढे 'निर्णयसागरचा टाइप' म्हणून देशभर मान मिळाला, त्याच्या मुळाशी राणोजींचा हात आहे. इतिहासाने मालकाचे नाव ठळक ठेवले आणि कोरणाऱ्याचे बारीक अक्षरात, हे नेहमीचेच.

१६/ १८६५ साली शेअर बाजार कोसळला आणि कापसाच्या पैशावर फुगलेली मुंबई एका रात्रीत बसली. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. नुकतीच निघालेली ओतशाळा मात्र तगली. खिळ्यांची गरज सट्ट्यावर अवलंबून नव्हती. १८६९ साली जावजींनी छापखानाही सुरू केला: निर्णयसागर. काळबादेवीजवळच्या कोळभाट गल्लीचा पत्ता पुढे संस्कृत अभ्यासकांना तोंडपाठ झाला.

१७/ पंचांग हाच पहिला आधार होता. पंचांग दर वर्षी शिळे होते, म्हणून दर वर्षी नवे लागते. विक्री ठरलेली, वेळ ठरलेली. त्यातले आकड्यांचे कोष्टक जुळवणे हे अत्यंत किचकट काम असते. एक अंक चुकला तर एखाद्याचा मुहूर्त चुकायचा. निर्णयसागर पंचांगावर लोकांचा विश्वास बसला तो गणितज्ञांमुळे, तसाच जुळाऱ्यांमुळेही. हे नाव आजही घराघरांत परिचित आहे.

१८/ पंचांगाने दिलेल्या स्थैर्यावर जावजींनी मोठी उडी घेतली. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक सुरू झाले आणि ते निर्णयसागरमध्ये छापले जाऊ लागले. १८८६ पासून 'काव्यमाला' ही संस्कृत ग्रंथमाला निघाली. संपादनाला पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब. हस्तलिखितांत धूळ खात पडलेली कितीतरी काव्ये आणि अलंकारशास्त्राचे ग्रंथ प्रथमच सुवाच्य, शुद्ध आणि परवडणाऱ्या रूपात लोकांपुढे आले. विद्यापीठात संस्कृत शिकणारे विद्यार्थी आणि शिकवणारे पदवीधर प्राध्यापक ज्या पुस्तकांवर विसंबून राहू लागले, ती पुस्तके लहानपणी खिळे घासणाऱ्या माणसाच्या कारखान्यातून येत होती.

१९/ योगायोगाची गोष्ट अशी की या धंद्यात 'डिग्री' हा शब्द होताच, पण निराळ्या अर्थाने. देवनागरी खिळ्यांच्या 'अखंड' आणि 'डिग्री' अशा दोन पद्धती होत्या. अक्षराच्या वरखालची चिन्हे वेगळ्या तुकड्यांनी जोडायची की अक्षरासोबतच ठेवायची, हा त्यांतला भेद. जुळारी डिग्रीवर तासन्तास वाद घालू शकत. विद्यापीठाच्या डिग्रीशी त्याचा सुतराम संबंध नसे.

२०/ मात्र ही कथा केवळ गौरवगाथा म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जावजी ५ एप्रिल १८९२ रोजी निवर्तले तेव्हा ते नामांकित कारखानदार होते आणि त्यांचे पुत्र तुकाराम जावजी व्यवसाय पुढे नेण्यास सिद्ध होते. पण त्यांच्या कारखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाला १८९२ साली स्वतःचा छापखाना काढणे शक्य होते का? १८६४ साली थोडी बचत, एक कुशल मित्र आणि हातसाचा एवढ्यावर प्रारंभ झाला होता. तीस वर्षांनंतर वाफेवर चालणारी यंत्रे, मोठी जागा, उधारीवर माल देण्याची ताकद हे सारे लागत होते. पहिल्या पिढीला जी शिडी चढता आली, तिच्या वरच्या पायऱ्या पुढच्या पिढीसाठी महाग झाल्या. व्यवसाय वाढत राहिला. कामगाराची वाट मात्र जुळाऱ्याच्या घोडीपाशीच थांबू लागली.

२१/ जुळाऱ्याचे दिवसभराचे काम डोळ्यांपुढे आणा. समोर उतरत्या फळीवर खणांची पेटी, प्रत्येक खणात एकेक अक्षर. डाव्या हातात धातूची पट्टी, उजवा हात खणातून खिळे वेचतो आहे. मजकूर उलटा वाचायचा, वेग राखायचा, ओळ घट्ट बसवायची. दुसऱ्याचे अक्षर लावायचे, म्हणजे लेखकाचे शुद्धलेखनही अनेकदा यानेच सुधारायचे. छापून झाले की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. अनेक ठिकाणी मजुरी कामाच्या मोजमापावर असे. हात थांबला की पैसा थांबला.

२२/ आणि शिसे. उभ्याने काम, कोंदट खोली, बोटांवर शिशाची पूड, त्याच बोटांनी दुपारची भाकरी. शिशाचे विष शरीरात हळूहळू साचते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची जी छोटीशी यादी केली, तीत शिशाच्या विषबाधेचा समावेश होता. म्हणजे सरकारदरबारी ही गोष्ट कबूल व्हायला मुंबईत छपाई रुजल्यापासून शंभरावर वर्षे गेली. मधल्या काळात, १९०५ साली, कलकत्त्यात छापखाना कामगारांनी आपली संघटना उभारली होती. देशातल्या सुरुवातीच्या कामगार संघटनांत तिची गणना होते.

२३/ नाव कोणाचे छापायचे, हाही प्रश्न होता. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे सक्तीचे केले. हेतू साहित्यसेवेचा नव्हता. मजकूर आक्षेपार्ह निघाला तर कोणाला पकडायचे, हे सरकारला ठाऊक असावे एवढाच. १८९७ साली 'केसरी'वर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात लोकमान्य टिळकांसोबत मुद्रक केशव महादेव बाळ हेही उभे होते. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, बाळ निर्दोष सुटले. या खटल्याच्या वर्णनात बाळांचे नाव क्वचितच येते. ज्यांनी ते अग्रलेख खिळ्याखिळ्याने जुळवले, त्यांची नावे तर कुठेच नाहीत.

२४/ हातांचे शिक्षण संस्थेत द्यावे, हा विचार या काळात नव्हता असे नाही. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय विद्यापीठाच्याच वर्षी, १८५७ साली सुरू झाले. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन उघडले. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी उच्च शिक्षणावरचा खर्च मूठभरांच्या पदरी पडतो हे स्पष्ट मांडले; शेतकऱ्यांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाची मागणी केली. जावजींसारख्यांना जे योगायोगाने मिळाले ते सर्वांना हक्काने मिळावे, याची ही पहिली वाटचाल. पण गाव तिथे कलाभवन झाले नाही, आणि बहुतेकांसाठी उमेदवारी हीच शाळा राहिली.

२५/ विसाव्या शतकात यंत्राने हाताशी स्पर्धा मांडली. १९३० च्या दशकात हरि गोविंद गोविल यांनी अमेरिकेत देवनागरीसाठी लायनोटाइपची जुळणी केली: कळ दाबली की अख्खी ओळ ओतून बाहेर. शेकडो खिळे यंत्राच्या मोजक्या कळांत बसवायचे, तर लिपीलाच कात्री लावावी लागे. टिळकांनीही आधी खिळ्यांची संख्या घटवण्याचा विचार केला होता. वृत्तपत्रांनी यंत्रे घेतली. लहान छापखान्यांत मात्र हातजुळणी दीर्घकाळ चालू राहिली, कारण यंत्रापेक्षा माणूस स्वस्त होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दिवाळी अंक यांवर जिल्ह्याजिल्ह्यांतले जुळारी जगत होते.

२६/ स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने उमेदवारीची जबाबदारी अंगावर घेतली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आजच्या आयटीआय, उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. 'उमेदवार' हा जुना शब्द मराठी राजभाषेत तसाच राहिला, पण आता त्याच्यामागे करार, ठरलेली मुदत आणि विद्यावेतन आले. उस्तादाच्या मर्जीची जागा निदान कागदावर तरी नियमाने घेतली. शिकवल्या जाणाऱ्या धंद्यांत फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन यांच्यासोबत जुळारीकामही होते.

२७/ मग संगणक आला. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. तिच्या जिस्ट तंत्रामुळे भारतीय लिपी पडद्यावर उमटू लागली आणि ऑफसेट छपाईने शिशाची गरजच संपवली. खिळ्यांच्या पेट्या मोडीत, वजनावर विकल्या गेल्या. शिसे पुन्हा वितळले. वयस्क जुळाऱ्यांपैकी काही मुद्रितशोधनाकडे वळले, कारण उलटा मजकूर वाचून तयार झालेली त्यांची नजर सुलटा मजकूर सहज पकडत असे. तरुणांपैकी कित्येकांनी कळफलक शिकून घेतला. ज्यांना तो जमला नाही ते घरी बसले. त्यांच्यासाठी कोणती योजना नव्हती.

२८/ आयटीआयच्या यादीत आता 'डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर' हा धंदा आहे. दहावी उत्तीर्ण मुलामुलींना त्यात प्रवेश मिळतो. महाविद्यालयाची अट नाही. काम तेच आहे: दुसऱ्याचा मजकूर घ्यायचा, ओळीत बसवायचा, मात्रा-वेलांट्या जागच्या जागी पाहायच्या. फॉन्ट बदलला की पहिली तक्रार आजही तीच येते, दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषा तुटते आहे.